विश्रांतीचे विज्ञान कोणाला सांगावे?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी आई आता ८८ वर्षांची आहे. ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून स्वतःच्या घरी राहते आणि तिच्या सोबतीला केरळातून आलेली एक मेतापेलेत आहे. बाई कामाला चोख, बोलण्यात मवाळ. पण अलीकडे तिचा चेहरा ओढलेला दिसू लागला होता, डोळ्यांखाली काळे आले होते. चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर कोणी थकलेले दिसले की त्याला काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्याकडे वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांची माहिती तपासून संशोधकांनी २०१९ साली असे मांडले होते की, जे आठवड्यातून निदान १२० मिनिटे बाग, रान, समुद्रकिनारा अशा ठिकाणी घालवितात, त्यांच्यात आपली प्रकृती चांगली आहे आणि मन समाधानी आहे असे सांगणारे अधिक आढळतात. हे मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून दिले आणि वर म्हटले, आठवड्याला दोन तास म्हणजे काही फार नाही, कोपऱ्यावरच्या बागेत फिरून येत जा.

तिने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "अंकल, कब जाऊँ?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच वेळ हवी होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आईच्या औषधांच्या तक्त्याकडे पाहिले, आणि "बघू" असे काहीसे पुटपुटून घरी आलो. कात्रण मात्र तिने घडी घालून ठेवून घेतले.

त्यानंतर महिन्याभराने एका लग्नानिमित्त मी भारतात गेलो आणि दोन दिवस रेवदंड्याला राहिलो. तिथे माझा एक शाळासोबती भेटला. १९७६ साली आम्ही एकाच बाकावरून मॅट्रिकला बसलो. मी १९७८ साली इस्राएलला आलो, तो १९८५ साली कुवेतला गेला. आमच्या भागातल्या कोकणी मुसलमान घरांतून आखाती देशांत कोणी गेले नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. आज कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत आणि तिथल्या परदेशी लोकांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी आहे. माझा मित्र एका कुवेती कुटुंबाकडे ड्रायव्हर होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तोही इतरांबरोबर वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचला आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आला. त्या वेळी एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना असे आणले गेले. १९९२ साली तो पुन्हा त्याच घरी कामाला गेला. जळत्या तेलविहिरींपैकी शेवटची नोव्हेंबर १९९१ मध्ये विझली होती, तरी वाळूवर काळी साय होती असे तो सांगतो.

संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलो असता मी त्याला कात्रणाची आणि "कब जाऊँ"ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "अरे, आमचा साहेब दर हिवाळ्यात निसर्गात जायचा. मी पण जायचो. त्याची सुट्टी असायची, माझी डबल ड्यूटी."

कुवेतमध्ये ही मोठी जुनी हौस आहे. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत नगरपालिकेच्या परवानगीने लोक वाळवंटात तंबू ठोकतात. त्या मोकळ्या रानाला ते 'बर' म्हणतात आणि अशा सहलीला 'कश्ता'. उन्हाळ्यात जिथे पाय ठेववत नाही, तिथे त्या दिवसांत गारवा असतो आणि पाऊस बरा झाला तर मातीत कंदासारखे फुगा नावाचे अळंबीचे फळ मिळते. अर्फज नावाचे बारक्या पिवळ्या फुलांचे झुडूप फुलते, तेच कुवेतचे राष्ट्रीय फूल. पूर्वीच्या भटक्या आयुष्याची आठवण म्हणून म्हातारी माणसे नातवंडांना तिथे नेतात. यात वाईट काही नाही, उलट कौतुकच करावे असे आहे. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगतो. गाड्यांच्या चाकांनी आणि जनावरांच्या चरण्याने ते अर्फज पुष्कळ ठिकाणी नाहीसे झाले, आणि कुंपण घालून राखलेल्या सबाह अल-अहमद अभयारण्यात ते दाट वाढले आहे. निसर्गात विश्रांतीला जाणाऱ्यांपासून निसर्गालाही सुट्टी द्यावी लागते!

तर माझा मित्र काय करी? आधी दोन दिवस जाऊन तंबू उभारणे, जनित्र बसविणे, पाण्याची टाकी भरून आणणे, शहरातून दिवसातून दोनदा सामान वाहणे. स्वयंपाकाला एक मल्याळी, भांड्यांना एक सिंहली बाई. रात्री पाहुणे शेकोटीभोवती चहा पीत बसत तेव्हा हे तिघे तंबूमागे बसून हाकेची वाट पाहत. निसर्ग दोघांनाही तोच, आकाश तेच. मी मास्तरी थाटात म्हणालो, "म्हणजे तुला त्याचा काही उपयोग झाला नाही." त्यावर तो म्हणाला, "तसं नाही रे. एका रात्री सगळी लवकर झोपली. जनित्र बंद केलं. मी वाळूत पडून राहिलो. दोन तास कुणी हाक मारली नाही. एवढे तारे मी आपल्या गावातसुद्धा पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, वर्षभरात लिहिलं नव्हतं एवढं लांब."

या दोन तासांनी मला विचारात पाडले, कारण ते शास्त्राशी जुळत होते. रॉजर उल्रिख यांनी १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटेसे निरीक्षण प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधे कमी लागली. मिशिगन विद्यापीठातील बर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले की, वृक्षोद्यानातून तासाभराचा फेरफटका मारून आलेल्यांना आकडे उलट क्रमाने म्हणून दाखविण्याची परीक्षा अधिक चांगली देता येते. शहराच्या रहदारीतून फिरून आलेल्यांना तेवढा लाभ होत नाही. विशेष म्हणजे कडाक्याच्या थंडीत फिरलेल्यांना ते फिरणे मुळीच सुखाचे वाटले नाही, तरी लाभ झाला. त्यामागचा विचार रेचल आणि स्टीफन कॅप्लन या पतिपत्नींचा. मुद्दाम लक्ष एकवटण्याची आपली शक्ती वापराने शिणते. रस्त्यावर हॉर्न, दिवे, माणसे तिला सतत ओढून घेतात. झाडांची सळसळ, लाटा, ढग मात्र लक्ष हळुवार वेधतात, आणि तेवढ्यात ती शिणलेली शक्ती भरून येते.

माझ्या मित्राला कॅप्लन ठाऊक नव्हते. पण त्याच्या सांगण्यात तारे नंतर आले, "कुणी हाक मारली नाही" हे आधी आले. हाकेच्या टप्प्यात असलेल्या माणसाचे लक्ष बागेत नेले तरी बांधलेलेच राहते. माझ्या कात्रणात ही गोष्ट नव्हती. त्यात आणखी एक गोष्ट नव्हती, जी मी विज्ञानाचा शिक्षक असून स्वतःच विसरलो. वीस हजार लोकांची ती पाहणी एका वेळची होती. बागेत गेल्यामुळे माणसे निरोगी झाली, की निरोगी आणि सवड असलेली माणसेच बागेत जातात, हे अशा पाहणीवरून पक्के सांगता येत नाही. संशोधकांनी ते स्वतःच कबूल केले होते. सांगणाऱ्यांनी ते गाळले आणि त्या सांगणाऱ्यांत मीही आलो.

आता कुवेतचा उन्हाळा पाहू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. इंग्लंडातल्या कात्रणातला निसर्ग हिरवा आणि थंड असतो. कुवेतच्या वायव्येकडील मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले. आपण नेगेवमध्ये राहणारे लोक चाळीस अंशांना हाय हाय करतो. अशा उन्हात बांधकामावर उभ्या असलेल्या माणसाला "मोकळ्या हवेत जा" असे कोणी सांगेल का?

मी वर्गात घाम शिकविताना नेहमी माठाचे उदाहरण देत असे. इथल्या मुलांनी माठ पाहिलेला नसे, तेव्हा मी यरुशालायिमच्या बाजारातून एक मातीचे भांडे आणून ठेवले होते. माठातले पाणी गार का होते? भांड्याच्या अंगातून ते झिरपते, वाळते, आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. आपली त्वचा म्हणजे असाच माठ. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. हवा त्वचेपेक्षा तापली की ती आपल्याला थंड करण्याऐवजी तापविते, आणि मग उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज वाट राहत नाही. कोकणात पावसाळ्यात माठाचे पाणी म्हणावे तसे गार होत नाही, हे आपल्या आयांना पुस्तकावाचून माहीत होते; दमट हवेत ते वाळतच नाही. कुवेतमध्ये ऑगस्टच्या सुमारास आखातावरून दमट वारा आला की माणसाचा माठही असाच बंद पडतो. वर हातातले काम चालूच असते. श्रमाची बहुतेक शक्ती शेवटी उष्णताच होते, म्हणजे फावडे मारणारा माणूस आतून चूल पेटवून बाहेरच्या भट्टीत उभा असतो. अशा वेळी सावलीत बसणे हे औषधच, कारण त्याने आतली चूल मंदावते. हे सारे सहावीच्या मुलाला कळते.

माझ्या मित्राच्या गावचा एक तरुण तिथे एका कंत्राटदाराकडे सळया बांधण्याच्या कामावर होता. एका जुलै महिन्यात त्याला चक्कर येऊ लागली, बोलणे अडखळू लागले. सोबत्यांना वाटले, रात्री झोप झाली नसेल. त्याला कडक चहा पाजला आणि पुन्हा कामाला लावले. वास्तविक गोंधळलेले बोलणे ही उष्माघाताची मोठी खूण आहे आणि तेव्हा एकेक मिनिट मोलाचे असते. अंग भिजवून वारा घालायचा असतो. तो वाचला, पण मूत्रपिंडाचे दुखणे घेऊन गावी आला. मित्र सांगतो की त्यांच्या छावणीच्या दारावर याच विषयाचा मोठा रंगीत फलक होता. अरबीत आणि इंग्रजीत. खोलीतल्या आठांपैकी एकालाही त्यातले धड काही वाचता येत नव्हते. मुंबईत १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली तेव्हा आमच्या मास्तरांनी आम्हाला सांगितले होते की आपल्या भाषेत विज्ञान यावे म्हणून ही मंडळी झटतात. भाषेचा हा मुद्दा जीवावर बेततो हे मला इतक्या वर्षांनी उमगले.

पण समजा, तो फलक मराठीत असता. मग तो तरुण आपण होऊन सावलीत बसला असता का? मित्र म्हणाला, मुकादमाने हजेरी कापली असती. इथे मला माझ्या आयुष्यभराच्या धंद्याविषयी शंका आली. ज्याला थांबण्याचा अधिकार नाही त्याला थांबण्याचे फायदे समजावून सांगणे, याला विद्यादान म्हणावे की टिंगल? मी पुष्कळ विचार केला आणि माझे मत असे झाले की, टिंगल होते ती पत्ता चुकल्यामुळे. ज्ञान खरेच असते. ते ज्याच्या हातात घड्याळ आहे त्याला सांगायचे असते, आणि आपण ते ज्याच्या हातात फावडे आहे त्याला सांगून मोकळे होतो.

कुवेतमध्येच याचे चांगले उदाहरण आहे. बर्राक अल-अहमद या कुवेती डॉक्टर-संशोधकाने हार्वर्डमधील सहकाऱ्यांसह २०१० ते २०१६ या काळातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले १५,६०९ मृत्यू तपासले. २०२० साली त्यांनी प्रसिद्ध केले की, चोवीस तासांची सरासरी सुमारे ४३ अंशांवर जाते अशा दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ३५ अंशांच्या दिवसाच्या तिप्पट होतो. म्हाताऱ्यांत तो जास्त असेल असे आपल्याला वाटेल. पण काम करण्याच्या वयातील लोकांत तो ३.८ पट निघाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखाच्या शीर्षकातच त्यांनी विचारले आहे की, धोका कोणाला? उत्तर शोधताना नागरिक आणि परदेशी अशी वेगळी मोजणी केली. साऱ्यांची एकच सरासरी काढली असती तर उन्हात उभा असलेला माणूस वातानुकूलित घरातल्या माणसामागे लपून गेला असता. हा लेख मजुराला "पाणी पीत जा" सांगत नाही. तो राज्य चालविणाऱ्यांसमोर आकडे ठेवतो.

राज्याने काही केले नाही असे नव्हे. १ जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्या उन्हात काम करविण्यास कुवेतमध्ये बंदी आहे. हे मोठेच पाऊल म्हणायचे. परंतु याच संशोधकांनी २०२३ साली दाखविले की, बंदी असूनही उन्हाळ्यात तापमान चढते तशा कामावरच्या दुखापती वाढतात. बंदी घड्याळ पाहते, हवा पाहत नाही. कतारने २०२१ साली त्यात भर घातली. ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला की वेळ कोणतीही असो, काम थांबवायचे. तिथे माझ्या माठाचा धडा कायद्यात शिरला, असे मी थोड्या अभिमानाने म्हणतो.

आणि घरात काम करणाऱ्यांचे काय? माझा मित्र दुपारच्या बंदीत बसत नव्हता. घरकाम करणाऱ्यांसाठी कुवेतने २०१५ साली वेगळा कायदा केला, त्यात आठवड्याची सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम आणि वर्षाला तीस दिवस पगारी रजा आहे. तोपर्यंत मित्राची तीस वर्षे भरत आली होती. कायदा आल्यावर सुट्टी मिळाली का, असे मी विचारले. तो म्हणाला, "साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, सुट्टीचे पैसे घे. मी घेतले."

हे वाक्य ऐकताच माझा हातातला चहा तसाच राहिला. कारण हेच वाक्य आमच्या घरात माझ्या धाकट्या भावाने उच्चारले होते आणि मी मान डोलावली होती. आईच्या मेतापेलेतची सुट्टी करारावर शब्बाथची होती. पण शब्बाथला आईजवळ कोण थांबणार? भावाचे घर लांब, माझे गुडघे दुखतात, बहिणीला नातवंडे. तेव्हा दरमहा थोडे अधिक पैसे दिले, तीही हो म्हणाली, आणि प्रश्न मिटला.

वाचकहो, आपल्या पूर्वजांना कोकणात लोक शनिवार तेली म्हणत, हे आपण मोठ्या कौतुकाने नातवंडांना सांगतो. अठरा पगड जातींच्या गावात आपला घाणा शनिवारी थांबे. घाणा थांबला म्हणजे तेल्याबरोबर बैलही थांबला. बैलाला कोणी विश्रांतीचे फायदे समजावून दिले नव्हते. जोखड काढले, एवढेच. आणि आज्ञेतही नुसते आपलेच नाव नाही. चाकर, जनावर आणि आपल्या वेशीच्या आतला परका, हे सारे त्यात येतात.

परत आल्यावर मी भावाला फोन केला. तो रागावला. "आपण तिला छळतो का? पैसे देतो, कपडे देतो, आई तिला मुलीसारखी मानते." सारे खरे होते. मी त्याला कुवेतच्या चांगल्या साहेबाची गोष्ट सांगितली. ती त्याला आवडली नाही. शेवटी ठरले ते असे की, शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत आईकडे आळीपाळीने मी आणि बहीण राहायचे, भावाने महिन्यातून एकदा यायचे. तो दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही; तेव्हा मीच राहिलो. आईला रात्री तीनदा उठवावे लागते हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

पहिल्या शुक्रवारी मी तिला कागदावर नकाशा काढून दिला. निलगिरीची झाडे कुठे, तळे कुठे, बाक कुठल्या बाजूला सावलीत असतो. शब्बाथला आमच्या बेर-शेवात बस नसते, म्हणून चालत जाता येईल अशीच बाग निवडली होती. तिने नकाशा पर्समध्ये ठेवला आणि तिच्या गावच्या दोन मैत्रिणींनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीवर गेली. शनिवारी रात्री परतली तेव्हा मी अगदी अधीरतेने विचारले, "मग, बगिचे में गयी थी?"

"नहीं अंकल," ती म्हणाली. "सो गयी. पूरा दिन सो गयी."

ते कात्रण आता आईच्या फ्रीजवर चुंबकाखाली लावलेले आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने पुढच्या तीन महिन्यांच्या शनिवारांच्या तारखा लिहिल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे आमच्यापैकी एकाचे नाव.